बाई रोज घरी येतात

दुधनीच्या स्टेशनवर अप्पांनी मला सोलापूरच्या गाडीत बसवलं, तेव्हा फलाटावर दिसेल त्या ओळखीच्या माणसाला थांबवून ते सांगत होते, "पोरगी कॉलेजात शिकवायला चालली." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. खिडकीतून मी म्हणाले, "अप्पा, पुरे की आता." आई, म्हणजे आमची अव्वा, मात्र खिडकीचा गज धरून उभी होती. गाडी हलली तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "होगि बा." आमच्या घरात कन्नड चालतं, आणि निघालेल्या माणसाला नुसतं 'जा' कुणी म्हणत नाही. 'जाऊन ये' म्हणतात. मी गेले ती गेलेच.

मला वर्ग हवा होता. फळा, खडूची भुकटी, मागच्या बाकावरची खुसफूस, 'मॅडम, आज लवकर सोडा की' म्हणणारी एखादी आगाऊ पोरगी. समाजशास्त्र शिकवायचं तर समोर समाज नको का? सुरुवातीला ते सगळं मिळालंही. मग नोकरी करून शिकणाऱ्यांचा संध्याकाळचा वर्ग ऑनलाइन झाला आणि तो माझ्या वाट्याला आला. त्या लोकांचंही चूक नव्हतं. दिवसभर राबून, दोन एसट्या बदलून रोज सोलापूरला कोण येणार? पण माझा वर्ग गेला तो गेला. सात रस्ता चौकापासून जवळच दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. तिथं लॅपटॉप उघडायचा, ओढणी नीट करायची आणि काळ्या चौकोनांना कुटुंबसंस्था शिकवायची, हे माझं शिकवणं झालं.

कॅमेरे सगळ्यांचे बंद. नेट पुरत नाही म्हणतात, आणि खरंच पुरत नसेल. "आवाज येतोय का?" हे माझं रोजचं पहिलं वाक्य. बऱ्याच वेळानं कुणीतरी 'येस मॅडम' असं टाइप करतं. विनोद केला तर आपणच हसायचं आणि आपणच थांबायचं. तास संपला की चौकोन पटापट नाहीसे होतात, आणि शेवटी स्क्रीनवर माझंच तोंड उरतं. नको तेवढं मोठं दिसतं ते.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं की शहरात गेलेल्यांना वेळ नसतो. अहो, वेळच वेळ असतो. बोलायला कुणी नसतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी जिन्यात चार माणसं दिसतात. "तुमचं भरलं का?" "भरलं." की पुन्हा पाणी येईपर्यंत मिटलं. आणि जे माझ्यासारखे निघून आले, पुण्याला, हैदराबादला, कुठं कुठं, ते हे वाचून मान हलवतील आणि घरी फोन केला की 'मजेत आहे' म्हणतील. मीही तेच म्हणते.

अप्पांना ते पटत नसे. कामाचं काही बोलायचं असलं की ते कन्नड सोडून मराठीवर येतात, म्हणजे समजायचं, विषय गंभीर आहे. "मोबाईलवरच शिकवायचं तर हितनं शिकव की. तितं तुजं कोन हाय?" दुधनीतल्या एका शाळेत त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. खरा वर्ग, खरी पोरं. शाळेला महिनाअखेर उत्तर हवं होतं. मला रागही आला आणि सुटल्यासारखंही झालं. मनातून मी हो म्हटलंच होतं, फक्त तोंडानं सांगायचं राहिलं होतं.

अशात एका संध्याकाळी तास संपला, सगळे गेले, पण एक चौकोन राहिला. मोहोळजवळच्या वस्तीवरच्या सुरेखाचा. लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेली ही बाई वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. अचानक तिचा कॅमेरा सुरू झाला आणि डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी अगदी जवळ आली. मागून सुरेखाचा आवाज, "आत्या, हात लावू नका त्याला." ती सासू असणार.

"अगं, बाई निघाल्या की. रोज घरात येत्यात, एवडं बोलत्यात, आन् तशाच जात्यात. बाईमानूस घरातनं असंच लावून द्यायचं व्हय?"

"आत्या, त्या फोनात हायत."

"फोनात हायत ते कळतंय की मला. म्हनून कुंकू लावायचं न्हाय?"

आणि तिनं बोट पुढं केलं. माझ्या कपाळाचा नेम चुकला असावा, बोट कॅमेऱ्यावरच टेकलं. माझी सगळी स्क्रीन लाल झाली. "सॉरी हं मॅडम," असं काहीतरी सुरेखा पुटपुटली आणि चौकोन गेला. मी हसायला लागले आणि मग रडले. चांगली हुंदके देऊन रडले, लपवून काय करायचं. इतक्या वर्षांत या शहरात मला कुणी उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं.

रविवारी सुरेखाला कळवून मी एसटीनं मोहोळ गाठलं. सुरेखा तिठ्यावर न्यायला आली होती, चेहरा कसनुसा करून. वाटेत तिनं सांगितलं की माझा आवाज सुरू झाला की आत्या टीव्ही बंद करतात, पदर सावरतात, आणि मामा, म्हणजे सासरे, परकी बाई घरात आली म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. थंडीतसुद्धा. मी रिकाम्या चौकोनाशी बोलतेय म्हणून कुढत होते, आणि तिकडं एक म्हातारा माझ्यापायी रोज घराबाहेर बसत होता. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

म्हातारी दारातच होती. तिनं ना नाव विचारलं, ना गाव. म्हणाली, "आलात? आज नीट टेका बाई. रोज तुमची लई घाई असतीया." मी टेकले. पुरता दिवस टेकले. निघताना तिनं विचारलं, "आता हितनं घरीच का?"

"व्हय, घरीच," मी म्हणाले.

एसटीत बसल्यावर ध्यानात आलं की ते म्हणताना दुधनी माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. खोली आली होती. घर बदलतं तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन केला. शाळेला नाही कळवा, म्हटलं. मी इथंच शिकवते. मागं अव्वा "काय म्हणते?" असं कन्नडमधून विचारत होती. मला वाटलं, आता मराठीत ऐकून घ्यावं लागणार. पण अप्पा कन्नडमध्येच बोलले, अगदी हळू. "मग एकदा आम्हाला बोलाव तुझ्या घरी."

आजवर ते 'तुझी खोली' म्हणायचे.

या म्हटलं, येत्या रविवारीच या. फोन ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडं दुसरी खुर्ची नाही.