पोटाखालचा नंबर

महाराष्ट्र वेगळा व्हायच्या आधीची गोष्ट. शहाद्याला माझं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. तापीकाठच्या केळी-उसाला पाणी चढवणारी इंजिनं बिघडली की माझ्याकडे यायची. पोट त्यांच्यावर चालायचं, पण जीव अडकलेला असायचा तो मोटारसायकलींत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या त्या विलायती गाड्या आमच्या भागात पाच-दहाच असतील. एखादी बाजारात उभी दिसली की मी हातातलं काम टाकून तिच्यापाशी जाऊन बसायचो. गाडी कुणाची याच्याशी मला देणंघेणं नसायचं. मला वाचायचा असायचा तिचा इंजिन नंबर.

तो वाचायचीही रीत असते. आधी रॉकेलच्या बोळ्याने तेलकट मळ काढायचा. मग खडू चोळायचा, म्हणजे ठोकलेल्या आकड्यांत पांढरा भरतो. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की नंबर कागदावर उमटतो. असे कागद माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात गठ्ठ्याने होते. बायको म्हणायची, लोक पोथ्या जपतात, तुम्ही चिंध्या जपता. ती म्हणायची तेही खोटं नव्हतं.

हा नाद फुकटचा नव्हता. ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीत इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, फिरतो तिला आम्ही केस म्हणतो. इंजिन नंबर असतो तो तिच्यावरच. चेन तुटून आपटली की ही केस फुटते. मग माणसं मुंबईहून, सुरतेहून दुसरी केस आणत. ती कोरी असायची, आणि तिच्यावर जुना नंबर घरच्या घरी ठोकला जायचा. काही जण चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा नंबरही तसाच ठोकत. त्यामुळे खरी केस कोणती आणि बदललेली कोणती हे ओळखणाऱ्याला भाव होता. मी माझ्यापुरता नियम करून ठेवला होता: आकडे सरळ रांगेत असले तर कंपनीचे, वेडेवाकडे असले तर कुणीतरी मागून ठोकलेले. विलायतेतला माणूस वाकडं काम करणारच नाही, अशी माझी खात्री. कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या अकलेने शोधलेलं, म्हणून जास्तच लाडकं.

महिन्यातून एकदा मोटार इन्स्पेक्टर धुळ्याहून यायचे आणि सरकारी बंगल्यासमोर कॅम्प लावायचे. एकदा तिथे ब्राह्मणपुरीचा एक माणूस गाडी घेऊन आला. फौजेतून परतलेला, उंच, कमी बोलणारा. लढाईत निरोप पोचवायला त्याला जशी मोटारसायकल होती तशीच त्याने एका बागायतदाराकडून विकत घेतली होती आणि आता ती नावावर करायची होती. गाडीच्या नोंदणी-पुस्तकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत होता. पण आकडे पडत-झडत चाललेल्या माणसासारखे वरखाली होते. इन्स्पेक्टरांनी मला हाक मारली, "मिस्त्री, जरा बघा हो हे."

मी खडू चोळला आणि पुरतं बघितलंही नाही, सांगून टाकलं, "केस बदललेली आहे साहेब. नंबर हाताने ठोकलाय."

तो फौजी एवढंच म्हणाला, "माले काय माहीत भाऊ. मी तशीच इकत लिधी." इन्स्पेक्टरांनी गाडीचं पुस्तक ठेवून घेतलं. पुढच्या कॅम्पला गाडीची खात्री पटवून द्या, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल, म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी चहाच्या दुकानात, पानाच्या गादीवर, जिथे बसलो तिथे मी माझी हुशारी सांगितली. चार दिवसांत फौजी चोर झाला. बाजाराला तो पायी यायला लागला, आणि लोक त्याच्या देखत हसायचे. मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी नीट जेवत होतो.

पुढे एकदा एका पाटलाचं ऑइल इंजिन उघडलं होतं. बेअरिंगच्या टोप्यांची एकमेकींशी अदलाबदल झाली तर क्रँक जाम होतो, म्हणून आम्ही जोडीच्या दोन्ही तुकड्यांवर टोकदार पंच ठोकून सारखे ठिपके मारतो. मी तीन ठिपके मारले आणि बघत राहिलो. एक इकडे, एक तिकडे, तिसरा भलतीकडेच. माझेच ते, शंभर टक्के खरे, आणि वाकडे. विलायतेतही कुणीतरी असाच हातोडी घेऊन बसला असणार. एकेक आकडा हाताने ठोकत असणार. आणि केससुद्धा दोन भागांची असते, जोडीने तासलेली. मग त्याने जोडीची खूण कुठे केली असेल? वर तर कधी दिसली नाही. तो फौजी आठवला, आणि त्याच वेळी त्याच्या गाडीवर ती खूण बघायची अशी घाई झाली की पाटलाचं इंजिन तसंच उघडं टाकून मी सायकल काढली.

ब्राह्मणपुरीला फौजी अंगणात होता. गाडी ताडपत्रीखाली. मला बघून म्हणाला, "आते काय ऱ्हायनं?" मी म्हटलं, मला तुझ्या गाडीखाली झोपायचंय. त्याने ताडपत्री ओढून काढली आणि तो बाजूला झाला.

मी सारवलेल्या अंगणात उताणा झालो. इंजिनाच्या तळाला वर्षांचा चिखल दगड होऊन बसला होता. तो खरवडला, रॉकेल लावलं, खडू चोळला. दोन्ही भागांवर एकेक तीन आकडी नंबर निघाला. दोन्ही अगदी सारखे, दोन्ही वाकडे. त्यातल्या सातचा पाय खाली तुटका होता. मी बाहेर येऊन वरचा इंजिन नंबर बघितला. तिथल्या सातचाही पाय तसाच तुटका. एकाच माणसाने, एकाच ठशाने ठोकलेले. केस पहिल्यापासूनची होती. मला इतका आनंद झाला की आपण कुणाच्या अंगणात आहोत हेच विसरलो, आणि मग त्याच्याकडे नजर गेली आणि लाज वाटली.

पुढचा कॅम्प बाजाराच्याच दिवशी आला. मी सगळ्यांसमोर धुळीत आडवा झालो आणि तिन्ही नंबर कागदावर उमटवून इन्स्पेक्टरांच्या हातात दिले. त्यांनी भिंग लावून तिन्ही सात बघितले, स्वतः खाली वाकून बघितलं, आणि गाडीचं पुस्तक फौजीला परत दिलं.

मी निघालो तर त्याने गाडी सुरू करून माझ्याजवळ आणली. "बठ मांगे," म्हणाला. "लोकेसले दिसू दे."

बसलो. त्याने भर बाजारातून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवली, चालणाऱ्यापेक्षा हळू. चहाच्या दुकानाशी थांबला. इंजिन चालूच ठेवलं आणि समोर बघत राहिला. मी त्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "नंबर खरा आहे. चूक माझी होती." मग पानाची गादी. मग धान्याचं दुकान. दर ठिकाणी तेच. माझा घसा बसला, कान तापले.

बाजार संपत आला तसा त्याने वरचा गिअर टाकला. शेवटचं दुकान न्हाव्याचं, त्याच्यावरून गाडी पुढे गेली. इथलं त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "थांब भाऊ. मी इथंही बोललो होतो."