जिवनबाईच्या मुठीचं माप

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर शिलाएवढी हट्टी सून शोधून सापडायची नाही. तिची सासू जिवनबाई रांधायची ते सगळं मुठीनं. मटणाची सळोई असो का लापशी, चमच्या-वाटीला तिनं कधी हात लावला नाही. शिलानं काय करावं? सासूची प्रत्येक मूठ ताटलीत रिकामी करायला लावली, काट्यावर तोलली आणि एकेचाळीस पाककृती ग्रॅमवार थेट ब्लॉगवर चढवल्या.

"माही मूठ काहून तोलून राहिली गं? सोनं हाय का?" जिवनबाई खदखदा हसायची आणि मुद्दाम मूठ आणखी घट्ट आवळायची.

दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिची मापं आता उरली ती फक्त त्या ब्लॉगवर.

आणि नेमका तोच बिघडला. ब्लॉगला स्वतंत्र पत्ता नव्हता. नवऱ्याचं, रामप्रसादचं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. त्या दुकानाच्या वेबसाइटच्या पोटात 'रांधण' नावाचा फोल्डर, आणि त्यात हा ब्लॉग. पाककृती दाखवणारं प्लगिन अपडेट झालं आणि फोल्डरचा पत्ताच विसरलं. लापशीवर बोट ठेवलं की माणूस दुकानाच्या दारात: 'पान सापडले नाही.'

"तुही लापशी माह्या दुकानात शोधून राहिले लोक," रामप्रसाद म्हणाला. "नांगराचे फाळ देऊ का त्यायला?"

शिलाला हसू आलं नाही. प्लगिन बंद करून झालं, चालू करून झालं. शेवटी तिनं हिंगोलीला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या आकांक्षाला फोन लावला.

"वहिनी, आता कशालाच हात लावू नका. रविवारी येते मी."

रविवार चार दिवसांवर. तेवढा धीर कुठून आणायचा? चूल धुरावली की जिवनबाई ती मुळापासून मोडायची, जुन्या मातीचं ढेकूळसुद्धा नव्या चुलीला लावू द्यायची नाही. शिलानं तिच्या हाताखाली अशा कितीतरी चुली मोडलेल्या. तसंच तिनं प्लगिन मुळापासून काढलं. 'साठवलेली माहितीही पुसायची का?' असं विचारलं गेलं. तिनं होय म्हटलं आणि कोरं प्लगिन बसवलं.

रविवारी आकांक्षाला चूक सापडली. एका ओळीत फोल्डरचं नाव घालायचं राहिलेलं, बस्स. ते घालून तिनं 'चाचणी' नावाची खोटी पाककृती टाकली. बरोबर पत्त्यावर उघडली.

"झालं की, वहिनी! पण बाकीच्या एकेचाळीस?"

माहिती पुसायला होय म्हटल्याचं शिलानं सांगितलं. आकांक्षानं वेबसाइट साठवणाऱ्या होस्टिंगवाल्यांना विचारलं. स्वस्तातल्या योजनेत ते जुनी प्रत ठेवत नव्हते.

ती गेल्यावर शिलानं जिवनबाईपुढं लापशीचा रवा आणि काटा मांडला. "याडी, लापशीला किती?"

जिवनबाईनं डावा हात घातला. ताटलीपर्यंत जाता जाता रवा सांडत गेला. एकवीस ग्रॅम. पुन्हा भरली मूठ. चौतीस. तिसऱ्यांदा तिनं काटाच बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड केलं.

शिला सांडलेला रवा गोळा करत बसली.