तेहतीस अनारशांवरचा दिवा

माझ्या साडूचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. कारण काय, तर त्यानं दारू सोडली.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याची निंबोल्याला केळीची बाग, मी बऱ्हाणपुरात एका ऑफिसात बाबू. सासरी आम्हा दोघांना एकच माप होतं. पिऊन आलो तर दोघे आलो, पंगतीतून उठवलं तर दोघांना उठवलं. त्या बदनामीत मला सोबत होती. ती त्यानं मला न विचारता काढून घेतली.

त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयांना जेवायला बोलावून वाण देतात: ताटात तेहतीस अनारसे आणि त्यांवर पेटवलेला चांदीचा छोटा दिवा. तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात मिळालेले दिवे आम्ही दुसऱ्याच दिवशी विकले होते आणि त्याच्या बागेत बाटली उघडली होती. अक्कल अशी की विकले ते सासऱ्यांच्याच नेहमीच्या सराफाला. ओळखीचा माणूस, फार विचारणार नाही. पुढच्या आठवड्यात सासूबाई जोडवी बदलायला गेल्या तर काचेच्या कपाटात त्यांना आपलेच दोन दिवे दिसले. त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत.

या खेपेला साडूला दारू सोडून चौदा महिने झाले होते. सासूबाईंनी त्याला ओवाळलं, ताट त्याच्या हातात दिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग माझी पाळी. मी दोन्ही हात पुढे केले. ताट माझ्या हातांवरून गेलं आणि शेजारी बसलेल्या माझ्या बायकोपुढे थांबलं.

"धर बाई, तू धर," सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं ताट धरलं. माझ्याकडे पाहिलं नाही. माझे हात तसेच पुढे होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण राग सासूबाईंचा नव्हता. समोर ताट मांडीवर घेऊन बसलेल्या त्या सोज्वळ माणसाचा होता. तसं ताट माझ्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं.

हात धुताना तो जवळ आला. "भाऊ, मी दर रविवारी तुमच्या बऱ्हाणपुरात लालबागला जातो. आपल्यासारखेच लोक बसतात तिथं. या ना एक दिवस, जबरदस्ती थोडीच आहे?"

"तुमचा सत्संग तुम्हालाच लखलाभ," मी म्हणालो आणि पत्ता न ऐकताच निघालो.

माझी खात्री होती की यात काहीतरी भानगड आहे. अशी सुटते होय दारू? चोरून पीत असणार. त्याला रंगेहाथ धरून सासूबाईंपुढे उभा करायचा, या इच्छेनं मी पुढच्या रविवारी दुपारी लालबागात हिंडत होतो. निघताना दोन घोट घेतलेही होते. देवळात विचारलं, दवाखान्यात विचारलं. शेवटी दारू सोडणारे कुठं बसतात, असं एका मेडिकलवाल्याला स्पष्टच विचारलं.

"किसके लिए पाहिजे?"

"साडूसाठी."

"मग साडूला संगं आनायचं ना," असं म्हणून त्यानं मागच्या शाळेकडे बोट केलं.

शाळेला सुट्टी होती, पण एका वर्गातून आवाज येत होता. मी खिडकीशी उभा राहिलो. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून दहा-बारा मोठी माणसं बसली होती. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच होता. बाटली कुठंच नव्हती, चहाची किटली होती. साडू उभा राहून बोलत होता.

"सासूबाईनं दिलेला दिवा मी विकला. आन् माझा साडू नको नको म्हनत होता, त्याला बी मीच ओढलं. तो बिचारा आजून पिऊन राहिला, ते पाप माझं."

सगळे ज्या मायेनं त्याच्याकडे बघत होते ते मला बघवेना. ताट त्याला, सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी त्याला, आता माझा गुन्हासुद्धा त्यालाच! दिवे विकायची कल्पना माझी होती. नको नको तो म्हणत होता. मी घाबरट म्हणून हिणवलं, तेव्हा कुठं त्यानं दिवा खिशातून काढला.

मी दारातून आत शिरलो आणि ओरडलो, "खोटं बोलून राहिले हे! दिवे विकायचं मी म्हटलं होतं. मी ओढलं यांना!"

माझ्या तोंडाचा वास सगळ्यांना आला असणार. कोपऱ्यातले एक म्हातारे म्हणाले, "बसा. बसून सांगा." साडू बाकावर सरकला. मी बसलो आणि सांगता सांगता मला रडू फुटलं.

बाहेर पडताना मी त्याला विचारलं, खोटं का बोललात? तो गोंधळला. "मला तर तसंच याद आहे भाऊ. मोठा मी होतो."

पुढच्या अधिकात सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. तरी पहिली नजर गेली ती साडूच्या ताटाकडे, त्याचा दिवा मोठा तर नाही ना. दारू सोडण्यात तो माझ्याहून चौदा महिने पुढे आहे आणि कायम राहणार. दर वर्षी त्या वर्गात दारू सोडल्याच्या टाळ्या आधी त्याला मिळतात, ते मला अजून सलतं. त्याला गाठायचा एकच मार्ग आहे, त्यानं पुन्हा पिणं. गेल्या उन्हाळ्यात वादळानं त्याची केळी आडवी केली. मी ऑफिसात रजा टाकली आणि तीन दिवस त्याच्या बांधावर बसून राहिलो. तो जरा उठून कुठं निघाला की मी मागोमाग जाऊन त्याला परत बांधावर आणत होतो.