काकाजींची तुर्की

“असन गा, असनच.” नागपूरच्या धंतोलीतले आमचे शेजारी काकाजी असं म्हणत आणि नाकावरचा चष्मा कपाळावर ढकलत. समोरच्या दाराला कुलूप दिसलं की, “कामठीले गेले असन.” कुणाच्या उंबऱ्याशी चपला जास्त दिसल्या की “पोरगी पाहाले आले असन.” रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग तरी काय? निम्मे अंदाज चुकत, पण मागे घेतलेला एकही मला आठवत नाही. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

सत्तरच्या दशकात या गृहस्थांनी तुर्की शिकायला घेतली. मुलगा जर्मनीत नोकरीला होता आणि तिथेच एका तुर्की मुलीशी लग्न करून बसला. काकाजींनी थयथयाट केला, मग अबोला धरला. पुढे दोघं महिनाभर नागपूरला येणार असं ठरलं, तेव्हा म्हातारा हबकला. सुनेशी आपण धड बोललो नाही तर ती पुन्हा या घरात पाऊल ठेवायची नाही, आणि मग मुलगाही गेलाच, अशी धास्ती त्यांनी घेतली. सीताबर्डीवरून तुर्की व्याकरणाचं जुनं इंग्रजी पुस्तक पैदा केलं.

रोज संध्याकाळी ते मला पकडून बसवत. जोडशब्दांवर त्यांचा भारी जीव. “आपण घराची मांजर म्हणतो, खूण घराले लावतो. हे लोक मांजरीले लावते. एव केदीसी. म्हणजे घर, मांजर-त्याची.” मी चहा पीत मान डोलवायचो.

अंदाजाचा धडा आला तेव्हा तर स्वारी खूशच. ‘असणार’ आणि ‘पाहिजे’ या दोन्हींना तुर्कीत एकच प्रत्यय लागतो, असं पुस्तकात होतं. कुठे कोणता अर्थ निघतो, ते पान मात्र त्यांनी घाईत उलटलं.

सून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून, खांद्याला पिशवी लावून अंगणात उभी राहिली. नवऱ्याबरोबर बाजारात निघाली होती. काकाजींना म्हणायचं होतं, बाहेर निघाली असशील. ते घसा खाकरून म्हणाले, “गित्मेलिसिन.”

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. ती आत गेली आणि कपडे बॅगेत भरू लागली. मुलगा तावातावाने बाहेर आला. “बाबा, ‘तू इथून गेलं पाहिजे’ म्हणाले तुम्ही तिले.”

काकाजी तिच्या दाराशी गेले. महिनोन्‌महिने घोकलेल्या तुर्कीतला एक शब्द तोंडातून फुटेना. “राय वं माय, जाऊ नको,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी हसू दाबत अंगणातच उभा होतो. बापाचं नेहमीचं ‘असन’ आठवून चूक काय झाली ते मुलाच्या ध्यानात आलं आणि त्यानं तिला समजावलं. बॅग रिकामी झाली.

परत जाताना गाडीच्या खिडकीतून ती काकाजींना म्हणाली, “बाबा, येते.” निघताना आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, हे तिला नवऱ्यानं शिकवलं असावं. गाडी दिसेनाशी झाली तरी काकाजी फलाटावरून हलेनात.

“येते म्हणाली,” ते मला म्हणाले. “हा अंदाज नोहे गा.”

पुढच्या हिवाळ्यात ती खरंच आली. काकाजी दिवाळीतच गेले होते.