हॉलिवूडची विमल, मुक्काम सक्करदरा

दर रविवारी संध्याकाळी आम्ही मुके सिनेमे बघतो असं सांगितलं, की लोक विचारतात, "म्हणजे दोन तास नुसतं गप्प बसता?" आता काय सांगायचं! पडद्यावर कोणी बोलत नाही म्हणून तर आम्हाला बोलायला मोकळं रान मिळतं. त्यातून एवढे किस्से साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसराच तोंडात येतो. परवा भाचीच्या लग्नात सांगायला बसले, तर पंगत उठून गेली तरी माझं चालूच! म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

आमचं मंडळ भरतं नागपूरला सक्करदऱ्यात, प्रभाकररावांच्या घरी, वरच्या हॉलमध्ये. प्रभाकरराव रिटायर्ड इंजिनिअर. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हॉलिवूडच्या नटीवर त्यांचा फार जीव. पुढे ती जगभर गाजली, पण त्यांना आवडायची ती त्याच्या आधीची, मुक्या सिनेमात धडपडणारी पोरगी. कुठून कुठून इंटरनेटवरून त्यांनी तिचे जुने सिनेमे मिळवले, भिंतीवर पांढरा पडदा लावला, प्रोजेक्टर आणला आणि जाहीर केलं, "पहिल्यापासून ओळीने बघायचे!"

पहिल्याच सिनेमात ती होती गर्दीत. एक्स्ट्रा! आम्ही चष्मे नीट करतोय तोवर प्रभाकरराव ओरडले, "ती बघा, ती बघा!" बघेपर्यंत गायब. रिवाइंड केलं. पुन्हा गायब. शेवटी चित्र थांबवून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पिसांची टोपी घातलेली, खुदकन हसणारी मुलगी.

"लयच लवकर निघून गेली पोट्टी," कुसुमताई म्हणाल्या. "घरी काही काम असन!"

पुढच्या रविवारी प्रभाकरराव पडेल चेहऱ्याने उभे राहिले. "माफ करा. मागच्या वेळी मी दाखवली ती दुसरीच होती. आपली नटी तिच्या मागे, त्या जाड्या पोलिसाच्या आड उभी आहे."

पुन्हा चित्र लावलं. पोलिसाच्या आडून अर्धा कान आणि थोडे केस दिसत होते.

कुसुमताईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "राहू द्या जी," त्या म्हणाल्या, "मले तर ते टोपीवालीच आवडली!"

*

या कुसुमताई नरखेडकडच्या. तिकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. मुलगा नागपूरला असतो म्हणून त्या इथे आल्या. बोलायला एकदम मोकळ्या.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मराठीत सांगायच्या आणि नटीबद्दल थोडी माहिती द्यायची हे काम माझ्याकडे. एका रविवारी मी सांगितलं, की हिचं खरं नाव वेगळंच होतं. टोप्यांच्या दुकानात काम करायची. स्टुडिओवाल्यांना तिचं नाव गावंढळ वाटलं, पोस्टरवर शोभायचं नाही म्हणाले आणि परस्पर बदलून टाकलं. बिचारीला कोणी विचारलंही नाही.

"त्यात काय मोठं?" कुसुमताई म्हणाल्या. "लग्नात माहं बी नाव बदललं. मले कोनं इचारलं? तिले निदान पगार तरी भेटला!"

सगळे हसले. मी म्हटलं, "तुमचं आधीचं नाव काय हो?"

"विमल." मग पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "या इंग्रजी नावानं तर जिभीले गाठ पडून राहिली. तिले माहंच नाव द्या ना. तसं बी रिकामंच पडून हाय."

तेव्हापासून हॉलिवूडची ती नटी आमच्याकडे विमल!

*

मुक्या सिनेमाला पूर्वी थिएटरात बसून वादक साथ करायचे. आमच्याकडे ते काम मेश्रामकाकांचं. काका कन्हानला राहतात. सारी नोकरी खाणीत केली, पण संध्याकाळी पेटी. आंबेडकर जयंतीला गाण्याच्या कार्यक्रमात काकांची पेटी नाही असं कधी झालं नाही. त्यांचा एक नियम. सिनेमा आधी बघायचा नाही. "पडद्यावर जे होईन, ते पाहून वाजवीन. आधी मालूम पडलं तं मजा काय?"

एका सिनेमात विमलचा बाप खाटेवर निपचित पडला. विमल त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. काकांनी असं काही आळवलं, की हॉलमध्ये सगळ्यांचे पदर आणि रुमाल डोळ्यांना.

आणि बाप उठून बसला! मेला नव्हता, दारू पिऊन पडला होता.

काकांनी पेटीचा भाता खाडकन बंद केला. "मेल्यावानी काहून पडला होता मंग? सारा सूर वाया गेला माहा!"

याच काकांची दुसरी गोष्ट. विमलला पहिल्यांदा प्रेमाचा सीन मिळाला तो सिनेमा. बागेतला बाक, शेजारी हिरो. दोघं जवळ आले, हात हातात घेतले आणि पेटी एकदम बंद. हॉल चिडीचूप.

प्रभाकररावांना वाटलं पेटी बिघडली. ते अंधारातून कुजबुजले, "काका, थांबलात काहून?"

काका त्याच्याहून हळू आवाजात म्हणाले, "ते दोघं बोलून राहिले ना जी. आपन मंधात काहून बोलाचं?"

*

एकदा माझीच फजिती झाली. सिनेमा सुरू झाला, पहिली पाटी आली आणि मी गप्प. पाटी इंग्रजीत नव्हतीच! युरोपातल्या कुठल्या तरी देशातून मिळालेली प्रत, तिथल्याच भाषेतल्या पाट्या. मला एक अक्षर लागेना.

"मॅडम, काय लिहिलं?" सगळे विचारायला लागले.

"सोडा पाटी," कुसुमताई म्हणाल्या. "मी सांगतो. हे सारं वावराच्या धुऱ्याचं भांडन हाय."

आणि मग त्यांनी अख्खा सिनेमा सांगितला. हे शेत विमलच्या बापाचं. तो मिशीवाला रात्रीतून धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, दगड सरकवतो. ही तक्रार करायला चालली. तो कोटवाला म्हणजे तलाठी, तो आधीच फितूर! पडद्यावर खरोखरच कोणी तरी शेतात फिरत होतं, कोणी तरी कागद फाडत होतं. सगळं असं चपखल बसत गेलं, की शेवटी मिशीवाल्याला पोलिसांनी नेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याभराने प्रभाकररावांनी खरी कथा शोधून काढली. तलाठीबिलाठी काही नव्हतं, तो वकील होता. आणि मिशीवाला शेजारी नव्हता. तो होता विमलचा सख्खा भाऊ!

आम्हाला वाटलं, आता कुसुमताई ओशाळतील. त्या ताठ बसून म्हणाल्या, "मंग? धुरा भाऊच तं सरकवते!"

*

मे महिन्यातली गोष्ट. कूलर घरघरतोय, आम्ही घामाघूम आणि पडद्यावर बर्फ! एव्हाना विमल हिरॉइन झाली होती. गुंडांनी तिला लाकडाच्या गिरणीत खांबाला बांधलं. काकांची पेटी नुसती धावत होती. तेवढ्यात बाहेर जोराचं वादळ आलं, कडुलिंबाची मोठी फांदी तारेवर कोसळली आणि लाइट गेली. तासभर वाट पाहून सगळे घरी गेले.

बुधवारी सकाळी प्रभाकररावांना मेश्रामकाकांचा कन्हानहून फोन.

"काय गा प्रभाकर, लाइट आली का?"

"आली ना काका. त्याच दिवशी आली."

"मंग सुटली का ते?"

"अहो, पुढचं येत्या रविवारी बघू ना सगळे मिळून!"

मग काका कडाडले, "म्हंजे पोरगी तवापासून तशीच बांधून हाय? आन तू जेवून राहिला, झोपून राहिला? मानूस हायेस का गा तू!"

प्रभाकररावांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावून घेतलं. विमल सुटली. काका कन्हानहून बस पकडून आले होते.

*

आता शेवटचा. हा मी लग्नात सांगितला नव्हता.

कुसुमताईंचे यजमान नानाजी. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, पण शब्द येत नव्हता. डॉक्टर झाले, बोलणं शिकवायला एक मुलगी घरी यायची तीही झाली. मग नानाजींनीच नाद सोडला. कोणी "बोला" म्हटलं की तोंड फिरवून घ्यायचे. सहा महिने झाले, वर्ष झालं. कुसुमताई एकदा मला जिन्यात म्हणाल्या, "मॅडम, घरात भांडाले बी कोनी नाही उरलं." एवढंच. मग नेहमीसारख्या वर येऊन हसायला लागल्या.

एका रविवारी नानाजींजवळ बसणारी बाई आलीच नाही. तेव्हा कुसुमताई त्यांना व्हीलचेअरवर घालून घेऊनच आल्या. चौघांनी खुर्ची उचलून जिना चढवली. नानाजी रागाने लाल. असं उचलून नेलेलं कोणाला आवडेल?

"घरी तुमी एकलेच मुके," कुसुमताई त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाल्या, "इथं सारेच मुके हायेत. पाहा तं खरं!"

नानाजींनी तोंड फिरवलं. खुर्ची रांगेत मावेना, म्हणून ती शेवटी, भिंतीशी ठेवली. कुसुमताई त्यांच्या पुढ्यात बसल्या.

सिनेमा सुरू झाला. विमल डोंगरातल्या घरात एकटी. नवरा कामावर गेलेला. ती चुलीपाशी वाकून काही तरी ढवळते आहे, गालावर आलेली बट मनगटाने मागे सारते आहे. खिडकी हळूच उघडली. एक माणूस आत उतरला. हातात दोर. विमलला पत्ता नाही. ती चव घेऊन बघते, मीठ टाकते. तो एक एक पाऊल पुढे येतो आहे. काकांनी पेटीवर खालचा एकच सूर धरून ठेवला होता. कुसुमताईसुद्धा बोलत नव्हत्या.

तो अगदी पाठीशी आला. दोर वर उचलला.

"मांगं पाह्य वं!"

मागून, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीतून, जाड, घोगरा, घशातून ओढून काढल्यासारखा आवाज. पण प्रत्येक शब्द स्वच्छ.

पेटी थांबली. प्रभाकररावांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर विमल हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली.

कुसुमताईंनी वळून मागे पाहिलं.

"काय जी?" त्या म्हणाल्या.