कंस बंद करा हो!

चार माणसं एका जागी लिहायला लागली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण पाहुण्यांसमोर एक सांगायला जावं तर मागून सहा-सात निघतात. आमच्या बोर्डाचं तसंच झालंय.

बोर्ड म्हणजे इंटरनेटवरचा, चर्चेचा. पैठण गेटजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथल्या जावेदभाईनं सुरू केला. शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या लोकांनी शेती, जनावरं, नोकरी, स्वयंपाक, जे सुचेल ते लिहावं. मी गुलमंडीवर एका छापखान्यात डीटीपी करते, म्हणून देखरेखीला मला घेतलं. तिसरे काकडे सर, फुलंब्रीच्या शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर.

व्हॉट्सॲप असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. जावेदभाईचं उत्तर ठरलेलं, "व्हॉट्सॲपपे बात बह जाती मॅडम. इथं टिकते."

आमच्या बोर्डावर अक्षर जाड, मोठं किंवा रंगीत करायचं तर शब्दाआधी चौकटी कंसात खूण लिहायची. शब्द संपला की तीच खूण तिरकी रेघ देऊन परत लिहायची. म्हणजे [ठळक]पाऊस[/ठळक] असं लिहिलं की पाऊस जाड दिसतो. जावेदभाईनं सगळ्या खुणा मराठीत करून घेतल्या. लोकांना सोपं जाईल म्हणून.

उघडायला सोपंच गेलं. बंद करायचं कुणाच्या लक्षात राहीना!

*

पहिल्याच आठवड्यात फुलंब्रीकडच्या भानुदासनं मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल विचारलं. प्रश्न नजरेत भरावा म्हणून सुरुवातीला [मोठं] टाकलं, शेवटी बंद केलं नाही. तेव्हा बोर्डात एक खोट होती. वरची खूण उघडी राहिली की खालच्या सगळ्या उत्तरांची अक्षरंही मोठी व्हायची.

खाली पहिलं उत्तर आलं, "भाऊ, हळू बोला, ऐकू येतंय!" तेही एवढ्या मोठ्या अक्षरात.

भानुदास म्हणाला, "मी कुठं ओरडतोय? तुमीच ओरडायलेत!"

तिसरा मध्ये पडला, "भांडू नका राव." हे वाक्य तर पाटीएवढं!

अळी राहिली बाजूला. जावेदभाई दुकानातून धावत आला नाही एवढंच. मला फोन केला, "मॅडम, झगडा होरा क्या?" मी वर जाऊन एक कंस बंद केला. सगळे एकदम हळू बोलायला लागले.

*

यावर उपाय म्हणून जावेदभाईनं मदतीचं पान लिहिलं. अक्षर जाड करायचं असेल तर असं असं लिहा, हा नमुना बघा. आता गंमत अशी, की त्या पानावर खूण लिहिली की बोर्ड ती इमानदारीनं पाळायचा. कंस गायब, शब्द जाड! म्हणजे नमुन्यात नुसता एक जाड शब्द, आणि वर सूचना : "असं लिहा."

लोकांनी दिवसभर फोन केले. सोयगावचा एक दुकानदार तर वैतागून म्हणाला, "भाई, लिव्हलंय ते दिसंना, आन् दिसतंय ते लिव्हता येईना!"

जावेदभाईनं डोकं लावलं, लावलं, शेवटी माझ्याकडे आला. मी कोऱ्या कागदावर स्केचपेननं खूण लिहिली, मोबाईलवर फोटो काढला आणि पानावर चिकटवला.

एवढं मोठं तंत्रज्ञान, आणि मदतीला आला स्केचपेन. तो फोटो अजून तिथंच आहे.

*

काकडे सरांना सगळ्यात आवडलेली खूण म्हणजे [खोड]. शब्दावर आडवी रेघ मारणारी. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस! कुणाचं शुद्धलेखन चुकलं की सर रेघ मारायचे आणि खाली बरोबर ओळ लिहायचे. देखरेखीचा अधिकार होताच.

पिशोरच्या शिवाजीरावांनी जाहिरात टाकली : "दोन म्हैशी विकणे आहे." सरांना कसं राहवणार? सगळी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "दोन म्हशी विकायच्या आहेत."

पण बोर्डाच्या पहिल्या पानावर फक्त वरची ओळ दिसते. लोकांना दिसली ती खोडलेली जाहिरात.

आठवडा झाला तरी शिवाजीरावांना एक फोन नाही. शेवटी त्यांनीच सरांना फोन केला. "सर, तुमी माझ्या म्हैशी खोडल्या!"

"म्हैशी नव्हे, म्हशी," सर म्हणाले.

"त्या काय बी असू द्या. लोकांला वाटायलंय विकल्या. चारा संपत आलाय माझा. आता व्याकरण राहू द्या सर, आधी म्हैशी जाऊ द्या!"

सर चरकले. चाऱ्याचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी स्वतः चार ठिकाणी फोन फिरवले, फुलंब्रीतल्या दूधवाल्या जुन्या विद्यार्थ्याला गाठलं, आणि त्याच्याबरोबर पिशोरला गेलेसुद्धा. म्हशी त्याच दिवशी हलल्या.

शिवाजीरावांनी बोर्डावर लिहिलं, "म्हैशी चांगल्या घरी गेल्या. सरांचे लई आभार."

सरांनी ते वाचलं. हात शिवशिवला असणारच. पण खोडलं नाही!

*

[लपव] म्हणून एक खूण आहे. तिच्यातला मजकूर झाकलेला राहतो, वर बोट लावलं की उघडतो. कोड्यांची उत्तरं लपवायला ठेवलेली.

भानुदासला ती फार आवडली. त्यानं लिहिलं, "मंडळी, बायकोला शिलाई मशीन घ्यायची हाय, कोणती चांगली?" आणि हे सगळं [लपव] मध्ये! वर उघड्या अक्षरात सूचना : "संगीतानं हे बघू नये."

संगीता म्हणजे त्याची बायको. लोणच्यांच्या पानावर रोज लिहिणारी.

पहिलं उत्तर तिचंच. "पायानं चालवायची नको, मोटरची घ्या. आणि सूचना लिहिली नसती तर इकडं आलेच नसते मी!"

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला थोडं थांबावं लागतं.

बोर्डावरचे एक जुने सभासद वारले. ट्रकवर ड्रायव्हर होते, जिथं मुक्काम पडेल तिथून लिहायचे. तिथली भाजी कशी, रस्ता कसा, पाणी गोड की मचूळ. लोकांना त्यांचा लळा होता.

बातमी कळल्यावर कुणीतरी श्रद्धांजली लिहिली, आणि घाईत की कशी, [पळतं] ही खूण टाकली. ही खूण अक्षरं उजवीकडून डावीकडे पळवते. दुकानदार सेलच्या जाहिरातीला वापरतात. तर "भावपूर्ण श्रद्धांजली" ही अक्षरं पडद्यावरून भराभरा पळायला लागली. एकदा गेली की परत उजवीकडून हजर!

घरच्यांनी बघितलं तर? मी काढायला गेले, तोवर त्यांच्या धाकट्या भावाचं उत्तर येऊन पडलं होतं.

"काढू नका. दादा जिता असताना बी एका जागी थांबत नव्हता."

आम्ही नाही काढली.

*

आणि आता रामभाऊंचं सांगते.

रामभाऊ सोयगावकडचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. मुलगा गणेश वाळूजला कंपनीत. दोघंही आमच्या बोर्डावर, आपापल्या नावानं. आणि दोघांचं बोलणं बंद!

हे कळलं जावेदभाईकडून. गणेश मोबाईल दुरुस्तीला आला होता, तेव्हा त्यानं सांगितलं. तो वडिलांना म्हणाला होता, "मेंढरं विकून टाका आन् इकडं ऱ्हायला या." रामभाऊ म्हणाले, "मेंढरं न्हाई, तुलाच विकलं असं समजतो." गणेश त्याच पावली निघाला, तो परत गावाकडं फिरकला नाही. आई आधीच गेलेली, त्यामुळं मध्ये बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पुढं गणेशला मुलगी झाली. आजोबांनी तिला बघितलेलं नव्हतं.

पण बोर्डावर दोघं लिहायचे. कसं, ते ऐका.

रामभाऊ विचारायचे, "एक मेंढरू लंगडतंय. ज्याला म्हाईत असंल त्यानं सांगावं."

गणेश लिहायचा, "ज्यांनी विचारलंय त्यांना कुणीतरी सांगावं, ओल्या जागंला बसवू नका आणि डॉक्टरला दाखवा."

दोन दिवसांनी रामभाऊ, "ज्यानं सांगितलं त्याला कळवावं. मेंढरू चालायलंय."

सगळा बोर्ड हे वाचायचा. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. एकदा भानुदासनं लिहिलं, "अहो, सरळ फोन करा की एकमेकांला!" मी ते लगेच उडवलं. जावेदभाई म्हणाला, "अच्छा किया मॅडम. काच हातात घेतल्यासारखं हाय हे."

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस 'इकडचं तिकडचं' या सदरात गणेशनं लिहिलं :

"बाळाला घेऊन गावाकडं एक चक्कर मारावी म्हणतो. तिथं कुणाला चालंल का, म्हाईत नाही."

आम्ही तिघंही वाट बघत बसलो. तो दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यात माझा मोबाईल वाजला. मदतीच्या पानावर माझा नंबर आहे.

"बाई, म्या रामभाऊ. दुसऱ्याचं बोलणं आपल्या लिव्हण्यात चौकटीत दिसतंय, ते कसं करत्यात?"

मी सांगितलं, [अवतरण] लिहायचं, त्याचं वाक्य घालायचं, बंद करायचं.

"त्याचं बोलणं हाय तसंच ऱ्हातं ना? बदलत न्हाई ना?"

"नाही बदलत, काका."

"मग त्यातला एखादा शब्द जाड करता येतो का?"

"येतो की." तेही सांगितलं. कंस बंद करायचा, हे दोनदा सांगितलं. पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. रामभाऊ माझ्यामागून एकेक अक्षर म्हणत होते.

"आणि तुमचं जे काय उत्तर असेल, ते चौकटीच्या खाली लिहा," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला.

तासाभरानं काकडे सरांचा फोन. "अनुराधा, रामभाऊंची पोस्ट बघितलीस? नुसतं अवतरण टाकलंय, खाली स्वतःचा एक शब्द नाही. आपला नियम आहे, अशी पोस्ट काढावी लागते."

मी पान उघडलं. चौकटीत गणेशचं वाक्य. खाली खरंच कोरं.

"सर, चौकटीत नीट बघा."

सरांनी चष्मा लावला असावा. त्या वाक्यातला एकच शब्द जाड होता. बाळाला. दोन्ही बाजूंनी कंस नीट बंद.

सरांनी तो शब्द मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी कंपनी सुटल्यावर गणेशचं उत्तर आलं.

"रविवारी सकाळच्या एसटीनं निघतोय. फाट्यावर कुणी असलं तर बरं होईल."

त्याच्या खाली, लगेच, रामभाऊ :

"म्या हाय."