मंगलाबाईंचं गढूळ पाणी

मंगलाबाईंना गढूळ पाण्याचा भारी तिटकारा. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्या काळात एखाद्या पोरीनं पिवळ्यातला ब्रश न धुता निळ्यात बुडवला, की तिची काही धडगत नसे. "पाणी बदल आधी!" ही आरोळी खालच्या मजल्यावर गणिताच्या तासालाही ऐकू जाई. ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षांना त्यांच्या मुलींचा निकाल चोख लागे. सगळ्या मुलींची चित्रं एकसारखीच दिसत, ही गोष्ट वेगळी. ती बाईंना तोंडावर सांगायची शाळेत कुणाची छाती नव्हती.

खरं तर त्यांना स्वतःला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला कलाशाळेत जायचं म्हणून त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं. वडील म्हणाले, "मास्तरीण होण्यापुरतं शीक, पुष्कळ झालं." त्या मास्तरीण झाल्या. गोदाघाटाचं त्यांनी काढलेलं एक चित्र शिक्षकांच्या खोलीत लावलेलं होतं, पण पुढं कुणीतरी त्याच खिळ्यावर वेळापत्रक टांगलं, तेही चित्राच्या वरून. बाईंनी ते काढा म्हणून कधी सांगितलं नाही. घरी येऊन मात्र त्या दिवशी त्यांनी भांडी जरा जोरात घासली.

अठ्ठ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. यजमान नोटांच्या छापखान्यातून आधीच निवृत्त होऊन घरी बसलेले, आणि आमटीत मीठ किती यावर रोज मत देणारे. चार महिन्यांत बाईंना घर नको झालं. तेवढ्यात शाळेतली जुनी विद्यार्थिनी सविता भेटली. तिनं गंगापूर रोडला एका बंगल्याच्या तळमजल्यावर 'रंगओळ' नावाचं केंद्र काढलं होतं. अपंग कलाकारांनी तिथं चित्रं काढायची, त्यांची दिवाळीची भेटकार्डं आणि कॅलेंडरं छापून विकायची, आणि विक्रीतला वाटा कलाकाराला द्यायचा. "बाई, मला दयाळू माणसं नकोत, ती पुष्कळ येतात आणि पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून जातात," सविता म्हणाली, "मला रंग कळणारं माणूस पाहिजे." बाई दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर झाल्या.

तिथं त्यांच्या वाट्याला लखन आला. घोटीजवळच्या खेड्यातला, भातशेती करणाऱ्या घरातला पोरगा. विजेच्या तारेला चिकटून त्याचे दोन्ही हात कोपराच्या वरून गेले होते. तो तोंडात ब्रश धरून चित्रं काढायचा. त्याच बंगल्यात वरच्या मजल्यावर राहायचा आणि शनिवारी एसटीनं घरी जायचा. तोंडानं चित्र काढणाऱ्या माणसाला शेजारी एक माणूस लागतं. रंग कालवायचा, ब्रश भिजवून ओठांत द्यायचा, कागद सरकवायचा, मध्येच हनुवटीवरची लाळ टिपायची. ब्रशाची काडी दाताला टोचू नये म्हणून तिला सुती पट्टी गुंडाळायची युक्तीही बाईंचीच. लखनच्या टेबलाच्या डाव्या बाजूची ती खुर्ची बाईंची झाली. दुसरं कुणी चुकून तिच्यावर टेकलं, तर बाई नुसत्या समोर उभ्या राहत.

पाच वर्षं हे छान चाललं. लखनची कार्डं खपायला लागली. लोक म्हणत, रेषा जरा वाकडी आहे, पण रंग काय स्वच्छ आहेत! कार्डाच्या पाठीवर अर्थातच लखनचं नाव असे. पण रंग कुणाचे, हे बाईंना माहीत होतं. घरी टेबलाच्या काचेखाली बाई एकेक कार्ड सरकवून ठेवत. यजमानांनी एकदा विचारलं, "यातलं तुझं काय?" तर दोन दिवस आमटी अळणी झाली.

कधीमधी लखन म्हणे, "बाई, एवढा हिरवा नसतो वो आमच्याकडं. जरा मळका द्या ना." बाई म्हणत, "मळकं कार्ड कोण घेईल?" आणि ब्रश धुऊन पुन्हा लख्ख हिरवा पुढं करत. लखन तोंड उघडी. विषय तिथं संपे.

मग सिंहस्थाच्या वर्षी केंद्रावर मदतीला हर्षाली आली. सिन्नरची पोरगी, नाशिकला चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. जीन्स, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि तोंडात सारखं "का नाही?" बाई त्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस घरी होत्या. काळा चष्मा लावून परत आल्या, तर त्यांच्या खुर्चीवर हर्षाली.

"बाई, बसा ना, मी दुसरी आणते," म्हणून ती पटकन उठली. पण लखनच म्हणाला, "राहू दे हर्षाली, हे आकाश वल्लं हाय, आत्ता नको उठू. बाई, थोडं थांबता का?" बाई थांबल्या. थोडं म्हणता म्हणता तो दिवस गेला, मग आठवडा गेला. सविता म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्यांना ताण नको. पाकिटांचं बघा तुम्ही." झालं. तीस वर्षांची मास्तरीण कोपऱ्यात बसून पाकिटांना डिंक लावू लागली.

त्यांचा नुसता जळफळाट होत होता. हर्षाली हसली की यांना वाटे आपल्यालाच हसली. ती रंग स्वतः ठरवत नसे. लखनला विचारी, तो हनुवटीनं दाखवी, आणि ती खरंच ते देई. बाईंना वाटे, विचारायचं काय त्यात, हिला येत नाही म्हणून विचारते. तिची परीक्षा जवळ आली तशी सुंठीवाचून खोकला जाईल अशी आशा त्यांना वाटली. पण पोरगी पुस्तकं घेऊन केंद्रावरच अभ्यासाला बसू लागली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बाटली.

लखननं मोठं चित्र घेतलं होतं. सातपूरच्या एका कारखान्याला आपल्या हॉलसाठी ते दिवाळीच्या आत हवं होतं. केंद्राकडून कार्ड न घेता कुणी आख्खं चित्र मागवण्याची ही पहिलीच वेळ. लखननं विषय घेतला आवणीचा. म्हणजे पाण्यानं भरलेलं भाताचं खाचर, चिखल, आणि वाकून रोपं लावणाऱ्या बाया. त्या चिखलासाठी त्यानं अजब गोष्ट केली. ब्रश धुतलेलं पाणी फेकूच दिलं नाही. हर्षाली रोजचे सगळे ब्रश जॅमच्या एका रुंद बाटलीत खळबळवायची. पाणी आटत गेलं, रंग तळाशी बसत गेला, आणि तो दाट गढूळ साका हाच लखनचा चिखल झाला. खाचराचा निम्मा भाग त्यानं त्यातच रंगवला. सवितानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ही बाटली चित्र होईपर्यंत कुणी हलवायची नाही."

"शी! मी तर तिच्याकडं बघतसुद्धा नाही, मळमळतं," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. लोक हसले. बाईंचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता.

पण बाई बघत होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, कुलूप उघडून, पहिल्यांदा त्या बाटलीपाशीच जात. ती उचलून खिडकीच्या उजेडात धरत, तिरपी करत, कडेला चढलेला रंग निरखत. तो रंग सुंदर होता, आणि हेच त्यांना सहन होत नव्हतं. तीस वर्षं आपण मोरीत ओतलं ते हेच का? पाच वर्षं हा पोरगा आपल्याकडं हेच मागत होता का? आणि आपण दिलं नाही ते ही कालची पोर, काही न करता, नुसती ब्रश धुऊन देते? 

एका बुधवारी सकाळी त्यांनी बाटली नेहमीसारखी उजेडात धरली, मग मागच्या पडवीतल्या मोरीत पालथी केली. सोड्यानं लख्ख घासली आणि फळीवर उपडी घातली. चूक झाली असं कुणीही म्हटलं असतं. चूक नव्हती. साका मोरीच्या जाळीतून जाताना त्यांना फार गार वाटलं. ते वाटणं पडवीतून आत येईपर्यंतच टिकलं.

व्हायचा तो गोंधळ झाला. हर्षाली रडकुंडीला आली. सविता कपाळाला हात लावून बसली. बाई म्हणाल्या, "अगं, नेहमीचं पाणी समजून ओतलं बघ मी. घाईत कुठं बघितलं!" सगळ्यांना ते पटलं. तीस वर्षांची सवय, त्यात डोळ्याचं ऑपरेशन. उलट सविताच त्यांना पाणी घेऊन आली. लखन पाठमोरा चित्राकडं बघत बसला होता. चित्रावरची नजर न काढता म्हणाला, "जाऊ द्या बाई. हाताची सवय जात नाय लवकर."

बिनहाताच्या माणसानं हे बोलावं आणि त्यात टोमणा नसावा! टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस हर्षाली तो रंग पुन्हा बनवायला बघत होती. एकदा चॉकलेटी झाला, एकदा विटकरी, एकदा नुसताच राखाडी. कडेच्या कागदावर लावून पाही, आणि लखन मान हलवून नको म्हणे. अर्धं खाचर एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या, असं चित्र कोण घेणार? कोपऱ्यातून बाई बघत होत्या आणि डिंक लावत होत्या. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्यांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागले. अगं, त्यात काळा कशाला घालतेस, काळ्यानं मरतो रंग, असं ओठांपर्यंत येई आणि त्या गिळत.

शेवटी लखनच म्हणाला, "बाई, तुम्ही बसता का जरा? रंगात तुमच्यावानी कुणाला कळत नाय."

याचीच तर वाट बघितली होती! हर्षाली मुकाट्यानं उठली. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या, पदर खोचला, चष्मा नीट केला. खोलीतली माणसं भोवती जमली. बाईंना जगाचा विसर पडला. मातकट पिवळा घेतला, त्यात गेरू, मग तपकिरी, पाणी अगदी बेतानं. हिरवा टाकला, तोही लख्ख नाही, पिवळ्यानं मारलेला. काळ्याला हात लावला नाही. ब्रशाच्या टोकानं ढवळलं, डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग वाटीच्या कडेनं जांभळ्याचा एक थेंब सोडला. फिरवलं. कडेच्या कागदावर एक फटकारा मारून तो चित्रापाशी धरला.

जुन्या चिखलाला नवा चिखल असा जुळला, की सांधा कुठं हे कुणाला सांगता येईना. "बाई!" म्हणून सविता ओरडली. हर्षालीनं तर टाळीच वाजवली. मनापासून वाजवली हो, त्या पोरीच्या पोटात काही नव्हतं.

"जांभळा कसा काय सुचला, बाई?" लखननं विचारलं. "माझ्या तर ध्यानातच नव्हतं."

"सुचायचं काय त्यात?" बाई कौतुकानं फुलल्या होत्या. "सोमवारी तू मागचे डोंगर केलेस ना, त्याचा जांभळा उतरला होता बाटलीत. काठाला मंगळवारी दिसत होता चांगला. उजेडात धरलं की..."

त्या थांबल्या. खोलीत कुणाला काही कळलं नाही. सविता फोन घ्यायला गेली, बाकीचे आपापल्या टेबलाकडं वळले, हर्षाली कागद पुसत होती. लखन मात्र बाईंकडं बघत होता. जी बाटली बघूनच मळमळतं, जिच्यात काय आहे ते घाईत बघितलंच नाही, तिच्या काठावरचा मंगळवारचा रंग!  चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चांदणं कसलं, भर दुपारचा उजेड पडला होता.

 बाईंचा हात सवयीनं चालत राहिला. त्यांनी ब्रश वाटीत भिजवला, कडेला निथळवला, सुती पट्टीचं टोक लखनच्या ओठांपाशी नेलं. पाच वर्षं हेच केलं होतं.

लखननं ओठ उघडले नाहीत.

त्यानं राग केला नाही, तोंडही फिरवलं नाही. तो हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रंग तुम्हीच करा, बाई. लय बेस झालाय. तुमच्यासारखा कुणाला व्हायचा नाय. ब्रश हर्षाली देईल."

बाईंचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. ब्रशाच्या टोकाचा चिखल त्यांच्या मांडीवर, साडीवर गळला. मग त्यांनी काडी फिरवून हर्षालीपुढं धरली. हर्षालीनं ती हसत घेतली, खाली वाकली, आणि लखननं तोंड उघडलं.